दिव्यांग मुलांच्या हक्कासाठी हापिसं पालथी घालणारी माणसं : आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात हे काम कोण करतं?

सायली_खानापूर (धागा सुरू)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहितेय. माझा धाकटा भाऊ तेवीसचा आहे, बौद्धिक दिव्यांग. मी स्पेशल बीएड केलंय, पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबरही आलाय, नोकरीचं अजून काही नाही. तर आमच्या भागातल्या अशाच मुलांच्या दोन-तीन आया माझ्या मागं लागल्यात की तुला कन्नड लिहिता-वाचता येतं, तू आमच्याबरोबर चल, दिव्यांग सर्टिफिकेटला चल, नाडकचेरीत (इकडचं महसूल ऑफिस) चल, शाळेत हेडमास्तरांशी बोलायला चल. एकीबरोबर गेले तर पुढच्या आठवड्यात दुसरी दारात उभी.

मला जाणून घ्यायचंय की आपल्याकडं हे काम नक्की कोण करतं, त्यांना पैसे कोण देतं, काय काय माहीत असावं लागतं आणि माणूस किती दिवस टिकतो. फक्त एक विनंती, "देवाचं काम करतेस गं" असं कोणी लिहू नका. तेवढं म्हणून लोक निघून जातात आणि फॉर्म माझ्या हातात राहतो.

---

पंचायतीतला_पाटील

सायलीताई, मी खानापूर तालुक्यातच एका ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू आहे, म्हणजे गावपातळीवरचा पुनर्वसन कार्यकर्ता. मला स्वतःला पायाचा पोलिओ आहे. कर्नाटकात ही पोस्ट पंचायतीला एक अशी असते, तालुक्याला एमआरडब्ल्यू असतो, शहरात यूआरडब्ल्यू, आणि आम्ही बहुतेक सगळे दिव्यांगच. पगार नाही, मानधन. त्यात पेट्रोल बसवा, मोबाईलचं रिचार्ज बसवा, आणि गावाला वाटतंय हा सरकारी नोकर आहे.

काम काय तर घरोघर सर्व्हे, यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज, पेन्शनची कागदं नाडकचेरीत पोचवणं, बसपास, आणि पंचायतीचा जो पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतोय त्याच्यामागं पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या, टेबलाला चिकटून राहणं. मार्च आला की तो निधी कुठंतरी रॅम्पला किंवा सायकली वाटायला संपवतात, फोटो चांगला येतो ना. बौद्धिक दिव्यांग पोराला सायकल काय करायची? त्याला थेरपी पाहिजे, कोणीतरी घरी येऊन शिकवायला पाहिजे, त्याचा फोटो येत नाही.

आणि खरी अडचण वेगळीच आहे बघा. आम्हाला जे ट्रेनिंग मिळालं त्यात हात-पाय-डोळे-कान जास्त. जांबोटीकडच्या एखाद्या वाडीत सर्व्हेला गेलो की आई म्हणते "आमच्यात कोण अपंग नाही हो", आणि मागं परड्यात एक पंधरा वर्षांचं पोरगं एकटंच दोरी गुंडाळत बसलेलं असतंय. मग म्हणते "तो जरा भोळा आहे, एवढंच". ते भोळं पोरगं कागदावर येत नाही, ना शाळेत ना पेन्शनमध्ये. म्हणून सांगतो, तुमच्यासारखं शिकलेलं माणूस या भागात पाहिजेच.

---

निपाणीची_वहिनी

पाटीलभाऊ बरोबर बोललात. आमच्या निपाणीत पण तीच गत. बिड्या वळणाऱ्या बायका आहेत आमच्या गल्लीत, दिवसाची मजुरी बुडवून पोराला बेळगावला न्यायचं म्हणजे काय ते त्यांनाच विचारा. शक्ती योजनेमुळं आता बाईचं तिकीट नाही हे एक बरं झालं, पण पोरगा मोठा असला की त्याचं तिकीट लागतंयच, आणि त्याचा सवलतीचा पास काढायला परत तेच सर्टिफिकेट पाहिजे जे काढायला निघालोय!

मी शेजारणीबरोबर एकदा गेलते सरकारी दवाखान्यात. तपासणारी मॅडम चांगली होती, पण सगळं कन्नडमध्ये. शेजारणीला "होय, नाही, चहा घ्या" एवढंच कन्नड येतंय. मॅडमनं विचारलं स्वतः जेवतो का, ही म्हणाली जेवतो. स्वतः अंघोळ करतो का, करतो. कपडे घालतो का, घालतो. बाहेर जातो का, जातो. हिला वाटलं आपल्या पोराची परीक्षा चाललीय, नापास कशाला करू. खरं म्हणजे पाणी हिनंच ओतायचं, साबण हिनंच लावायचा, शर्टाची बटणं हिनंच लावायची आणि "बाहेर जातो" म्हणजे कट्ट्यापर्यंत. दिव्यांगतेचे टक्के आले पंचवीस. चाळीसच्या खाली म्हणजे काहीच नाही. ती बाई बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत बोलली नाही.

---

टिळकवाडी_काका

माफ करा पण मला हे पटत नाही. म्हणजे तुम्ही लोक बरोबर जाऊन आईबापांना काय उत्तर द्यायचं ते पढवणार का? असंच करून बोगस सर्टिफिकेटं वाढली आहेत. मी रिटायर्ड बँकवाला आहे, असले कागद खूप बघितलेत.

---

धारवाडचा_मानस

काका, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, रोज हेच करतो, म्हणून जरा सविस्तर.

त्या वहिनींनी सांगितले ते प्रश्न व्हीएसएमएस नावाच्या स्केलचे असतात. मूल रोजच्या जगण्यात स्वतःचं स्वतः किती करतं हे आईबापांना विचारून त्यावरून आकडा काढतात. २०१८ च्या केंद्राच्या नियमावलीत आकडा आणि टक्के यांची सांगड घातलीय. आकडा ५५ ते ६९ आला तर ५० टक्के, ३६ ते ५४ आला तर ७५ टक्के, त्याखाली ९० आणि १००. आणि ७० ते ८४ म्हणजे २५ टक्के, कुंपणावरचं मूल. म्हणजे आईनं अभिमानानं दिलेल्या चार "होय"नी मूल एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जातं आणि त्याच्याबरोबर पेन्शन, पास, आरक्षण सगळं जातं. उलटंही होतं, काकांची शंका अगदीच वाऱ्यावरची नाही. पण उपाय पढवणं हा नाहीच. "अंघोळ करतो का" याच्यापुढं "पाणी कोण काढतं, साबण कोण लावतं, सांगितल्याशिवाय जातो का" हे विचारायला वेळ लागतो आणि ते आईच्या भाषेत विचारावं लागतं. बरोबर आलेल्या माणसानं उत्तर द्यायचंच नाही, आईला एवढंच सांगायचं की काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांग. त्यात खोटं काही येत नाही.

आणि गंमत बघा, बुद्ध्यांकाची जी चाचणी आपल्याकडं अजून वापरतात ती बिने-कामत, ती डॉ. व्ही. व्ही. कामतांनी १९३४ साली केली ती मुळात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठीच. मुंबई-कर्नाटक रूपांतर म्हणूनच ती ओळखली जाते. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाला कळलं होतं की या पट्ट्यात दोन भाषांत विचारावं लागेल. आज चाचणीची पेटी तीच, विचारणारा मात्र एकाच भाषेत विचारतो आणि मूल गप्प बसलं की शून्य मांडतो.

पालकांना अजून एक सांगा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला "विकास विलंब" असा दाखला मिळतो, बौद्धिक दिव्यांग असा नाही. मग पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी परत तपासणी असते. पहिल्यांदा टक्के चुकले म्हणून आयुष्य संपलं असं नाही.

---

सीमावासी_१९५६

म्हणून तर आम्ही म्हणतो की सीमाप्रश्न सुटल्याशिवाय काही खरं नाही. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना द्यायची ठरवली तर इथं केवढा गोंधळ झाला. आपल्या दिव्यांग पोरांनी काय पाप केलंय? सगळे एकत्र या आणि

---

संपादक

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. सीमाप्रश्नाचे वेगळे धागे भरपूर आहेत, तिकडं लिहा.

---

पंचायतीतला_पाटील

संपादकांचं बरोबर, पण त्यातला एक मुद्दा कामाचा आहे म्हणून लिहितो. लोक विचारतात की पोरीला महाराष्ट्रात चंदगडला दिली, नातवाचं कार्ड कुठलं काढायचं. यूडीआयडी कार्ड देशभर चालतंय, ते इकडचं-तिकडचं नसतंय. पेन्शन मात्र ज्या राज्यात राहता तिथली. दोन्हीकडं अर्ज टाकून ठेवायचा उद्योग करू नका, आधारवर पकडलं जातंय आणि मग चालू असलेलं पण बंद पडतंय.

आणि भाषेचं म्हणाल तर मी ऑफिसात गेलो की आधी कन्नडमध्ये नमस्कार घालतो, चार वाक्यं बोलतो, मग म्हणतो सर या आईला मराठीच येतंय, तिचं मी सांगतो. बहुतेक क्लार्क ऐकतात. त्यांच्या घरात पण कोणीतरी असतंय असं बोलता बोलता कळतं.

---

अॅड_कॅम्प

मी बेळगाव कोर्टात प्रॅक्टिस करतो. सायलीताई, तुमचा भाऊ अठराच्या वर आहे म्हणून हे आधी वाचा. अठरा पूर्ण झाली की आईबाप कायद्यानं पालक राहत नाहीत, हे ऐकून लोक खुर्चीतून उठतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी (डीसी), एक संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कायदेशीर पालक नेमायचा अर्ज तिथं जातो, कोर्टात यावं लागत नाही, वकीलही लागत नाही (माझं नुकसान करून सांगतोय).

पण पालक झालं म्हणजे मालक झालं असं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी मार्चनंतर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा असं कलम १६ मध्ये स्पष्ट आहे. भाऊबंदकीत जमीन असली की हे कलम फार उपयोगी पडतं, विशेषतः सज्जन काका-मामांच्या बाबतीत.

त्याच ट्रस्टची निरामय विमा योजना पण आहे, एक लाखापर्यंत, वयाची अट नाही, आधी मेडिकल तपासणी नाही, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. आपल्या जिल्ह्यात मी विचारलं त्यातल्या निम्म्या घरांना नावही माहीत नव्हतं.

शाळेसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ लक्षात ठेवा, ४० टक्के किंवा त्याच्या वरच्या मुलाला सहा ते अठरा मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा पाहिजे असेल तर विशेष शाळेत. "आमच्याकडं टीचर नाही" हे हेडमास्तरांचं उत्तर चालत नाही. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाण सांगितलंय, प्राथमिकला दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागं एक. तोंडी भांडू नका, तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (बीईओ) लेखी द्या आणि पोच घ्या.

---

टिळकवाडी_काका

मानससाहेबांचं उत्तर पटलं. बँकेच्या बाजूनं थोडी भर. आमच्या भागात लष्कराच्या मराठा सेंटरमधून रिटायर झालेले खूप आहेत. घरात असं मूल असेल तर वडील हयात असतानाच पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रात, मुलाचं नाव लावून घ्या. आईवडील दोघं गेल्यावर भाऊ कागद घेऊन बँकेत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, मग दाखला आण, पालकपत्र आण, आणि तोपर्यंत ते मूल कोणाकडं जेवतं ते विचारू नका.

---

शहापूरची_मावशी

मी वयानं मोठी आहे म्हणून जुनं सांगते. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनला नेऊन काढली होती, पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही म्हणून. पेपरात आलं, बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा बाकीच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मी तेव्हा इथंच शिक्षिका होते, आमच्या स्टाफरूममध्ये शिकल्यासवरल्या बायका म्हणत होत्या "बरंच केलं की, पोरींचीच सुटका". कोणालाच वाटलं नाही की त्या पोरींना कोणीतरी विचारायला पाहिजे होतं. तुम्ही आता टक्के, पेन्शन, पास एवढं बोलताय ते सगळं पाहिजेच, पण एवढ्या वेळात एकदाही त्या मुलांना काय पाहिजे हे आलं नाही म्हणून लिहिलं.

---

अॅड_कॅम्प

मावशी, २००९ साली चंदीगडच्या एका बौद्धिक दिव्यांग मुलीच्या गर्भाबद्दल सुप्रीम कोर्टात केस गेली होती, सुचिता श्रीवास्तव म्हणून. हायकोर्टानं गर्भपाताला परवानगी दिली होती. सुप्रीम कोर्टानं म्हटलं, तिला मूल पाहिजे आहे ना, मग तिच्या संमतीशिवाय नाही. आजही तालुक्याला कोणी "हिचं ऑपरेशन करून टाका" म्हणत आलं की मी तोच निकाल काढून ठेवतो.

---

सुनील_वडगाव

मी बोलून टाईप करतोय. चुका होतील.
मी सुनील. मला डाऊन सिंड्रोम आहे. मी काकांच्या गोदामात साड्या घडी करतो आणि पिशवीत घालतो. सकाळी जातो आणि सहाला येतो.
पगार काका आईला देतात. मला पगार माझ्या हातात पाहिजे. पासबुक माझ्या नावाचं पाहिजे. मी मोबाईलचं कव्हर घेणार आहे.
तीन डिसेंबरला दिव्यांग दिन असतो. तेव्हा आम्हाला कार्यक्रमाला नेतात. पुढं बसवतात आणि गुलाब देतात. भाषण कन्नडमध्ये असतं आणि लांब असतं. मला माईक देत नाहीत. मागच्या वेळी मी मागितला तर मॅडम म्हणाल्या बस बस.
मला सांगायचं होतं की गोदामात संडास नाही.

---

निपाणीची_वहिनी

सुनीलदादा, संडासाचं तुम्ही सांगितलंत ते आमच्या बिडी कारखान्याच्या बायका पण वर्षानुवर्षं सांगालेत!

पण पासबुकाचं मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. माझा पण मुलगा आहे. उद्या कोणी गोड बोलून त्याच्याकडून पैसे काढून घेतले तर? आई पगार ठेवते ती त्याच्यासाठीच ठेवते ना. बाहेरच्या माणसानं येऊन हक्क-हक्क म्हणून पोराच्या डोक्यात भरवायचं आणि घरात भांडण लावून निघून जायचं, हे पण आम्ही बघितलंय. आमच्या इथं एक संस्थावाले आले होते, दोन मीटिंगा घेतल्या, पोरांना टोप्या दिल्या आणि गेले. घरात निस्तरायला आईच.

---

धारवाडचा_मानस

वहिनी, तुमची भीती खरी आहे, पैसे लुबाडलेली उदाहरणं मी पण बघितलीत. पण भीतीचा उपाय म्हणून आपण कुलूप लावतो आणि किल्ली कायमची आपल्याकडं ठेवतो. महिन्याला त्याच्या हातात थोडे पैसे द्या, तो काय घेतो ते बघा, एखाद्या वेळी फसू दे. बाकीची पोरं पण फसूनच शिकली की.

आणि ही माणसं स्वतः बोलायला लागली ती काही आज नाही. अमेरिकेत ओरेगनमध्ये १९७४ पासून "पीपल फर्स्ट" नावानं बौद्धिक दिव्यांग लोक स्वतःच्या सभा स्वतः चालवतात. आपल्याकडं पालकांच्या संघटनांचा "परिवार" नावाचा महासंघ १९९५ ला झाला, त्यातूनच पुढं या मुलांचे स्वतःचे गट पण निघाले. बेळगावला असा गट मराठीत चालवायला कोणाची परवानगी लागत नाही, एक खोली आणि धीरानं ऐकणारं माणूस लागतं.

---

अॅड_कॅम्प

सुनील, २०१६ च्या कायद्याचं कलम १३ तुझ्यासाठीच आहे. स्वतःच्या पैशाचा कारभार करायचा हक्क दिव्यांग माणसाला बाकीच्यांसारखाच आहे. मदत घेता येते, पण मदत करणाऱ्याचाच त्या पैशात फायदा असेल तर त्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं असं त्याच कलमात लिहिलंय. तुझे काका मालक पण आहेत आणि पगार कुठं द्यायचा ते पण तेच ठरवतात, हे जरा बघायला पाहिजे. आईला आणि तुला एकत्र भेटूया. आधी आईशी चहा, मग बँक.

---

सायली_खानापूर

सगळ्यांचे आभार, मी प्रिंट काढून ठेवलंय.

माझं मत सांगते. वहिनी, बाहेरचं माणूस टोपी वाटून जातं हे शंभर टक्के खरं, पण म्हणून घरचं माणूस नेहमी पोराच्याच बाजूचं असतं असं मला नाही वाटत. मी बहीण आहे. आमच्या घरात पालकपत्राचा विषय निघाला की शेवटी बोलणं शेताकडं वळतं आणि त्यात माझाही हिस्सा आहे, म्हणजे वकीलसाहेबांच्या कलमात मी पण बसते. भावाची बाजू मांडायला मी योग्य माणूस आहे का हे मला आधी बघावं लागेल, बाकीच्यांचं सोपं आहे. म्हणून त्याच्या अर्जासाठी मी दुसऱ्या कोणाला तरी बरोबर घेणार, आणि मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी जाणार. तपासणीला गेले की आईला काल सकाळपासूनचं विचारणार आणि मुलाला पण विचारणार, तो बोलो न बोलो.

पैशाचं कोणी लिहिलंच नाही! पाटीलदादांचं मानधन सोडलं तर सगळे फुकटच करताय असं दिसतंय. मी फुकट करणार नाही. निदान बसभाडं आणि झेरॉक्स घेणार, आणि ज्याला परवडतं त्याच्याकडून त्या दिवसाची मजुरी घेणार. कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

---

पंचायतीतला_पाटील

घ्या की, बिनधास्त घ्या. पावती पुस्तक छापून घ्या म्हणजे नंतर गावात कोण बोलत नाही. आणि पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं, काही प्रकरण आलं तर पोलीस स्टेशनला नाव देऊन ठेवा, अशा मुलांचा जबाब घेताना विशेष शिक्षक लागतो आणि मराठी बोलणारा सापडत नाही. नाव जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याच्या (डीसीपीओ) ऑफिसला पण द्या.

---

शहापूरची_मावशी

खोली मी देते. माझ्या घरी खालचा हॉल रिकामाच असतो, रस्त्यापासून पायरी नाही, संडास आहे. रविवारी चारला. सुनील, तू कोणाला आणणार ते तू ठरव. आईबापांनी वर माझ्याकडं चहाला बसायचं.

---

सुनील_वडगाव

मी राजेशला आणि पूजाला आणतो. पूजा बोलत नाही पण तिला कळतं. ती बोट दाखवते.
माईक आहे का?

---

शहापूरची_मावशी

गणपती मंडळाचा आहे, मागून आणते.